एकसष्टची पावली

पुठ्ठ्याला अजून पिठाचा वास येतो. नाक अगदी जवळ नेलं तरच येतो, आणि तो माझ्या मनातलाच असण्याची शक्यता जास्त. कपाटाच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली, हा पुठ्ठा कित्येक वर्षं पडून आहे. जुन्या कॅलेंडरचे चार पुठ्ठे खळीनं एकावर एक चिकटवलेले, त्यात गोल भोकांच्या ओळी, प्रत्येक भोकाखाली निळ्या शाईनं एकेक साल, आणि भोकांत पावल्या. पावली म्हणजे पंचवीस पैसे, चार आणे. हे आता सांगावं लागतं. मुलीला मी एकदा तो दाखवला, तर तिनं विचारलं, यातलं काही विकलं तर पैसे येतील का. नाही येणार, म्हटलं. मग ठेवलंयस कशाला? मी शालूची घडी नीट करत बसले.

या वर्षी नवरात्रात तो बाहेर काढला, तो एका नाण्यासाठी. नखानं उचकटून ते भोकातून काढलं, रुमालात बांधलं आणि ठरवलं, की या खंडेनवमीला चाकणला जायचंच. असं मी याआधीही ठरवलेलं आहे. ठरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमची काळेवाडीत पिठाची गिरणी होती. वडील कंपनीत, आठवड्याआठवड्याला शिफ्ट बदलणारे, त्यामुळे गिरणी आईच चालवायची. लांब पट्टा फटफट करत फिरायचा, त्याच्या वर कुणाचा आवाज जायचा नाही, म्हणून आमच्या घरात सगळेच जन्मभर मोठ्यानं बोलले. ज्वारीचं पीठ पडताना येणारा वास वेगळा, गव्हाचा वेगळा, आणि हरभऱ्याची डाळ दळायला आली की आम्हाला शिंका. संध्याकाळी आई पापण्यांपर्यंत पांढरी झालेली असायची. वडील कंपनीतून आले की तिच्याकडे बघून म्हणायचे, लग्न केलं तेव्हा काळी होतीस बरं का. ती पिठाचा हात त्यांच्या शर्टावर पुसायची.

गल्ल्यात पडणारं प्रत्येक नाणं पिठाच्या हातातून आलेलं असायचं. चालून चालून गुळगुळीत झालेली पावली असली, तिच्यावरचं साल वाचता येत नसलं, तरी पिठानं ते उघडं व्हायचं. अंगठा फिरवला की वरचा भाग साफ होतो आणि अंकांच्या सांदीकोपऱ्यात पीठ बसून राहतं. पांढऱ्यात काळं साल उठून दिसतं. एकदा बसलेलं पीठ मग सहजी निघत नाही. हा शोध मी दहा-अकराव्या वर्षी स्वतः लावला. शाळेत मी स्वतःहून दुसरं काही शोधल्याचं आठवत नाही.

गिरणीला लागून पत्र्याची शेड होती. त्यात तात्यांचं लेथ मशीन. तात्या बार्शीकडचे. आधी कंपनीत टर्नर होते, मग जुनं लेथ घेऊन त्यांनी स्वतःची कामं सुरू केली. शेडमध्ये पाऊल टाकलं की जळक्या तेलाचा आणि लोखंड थंड ठेवणाऱ्या कुलंटच्या दुधाळ पाण्याचा वास यायचा. टूल लोखंडाला लागलं की सालीसारखी निळसर, कुरळी बर सुटत राहायची आणि तिला हात लावायची मला बंदी होती, कारण ती गरम असते आणि कापते. बघायला मात्र बंदी नव्हती. मी गल्ल्यातली चिल्लर घेऊन त्यांच्या स्टुलावर बसायची.

निकेलचं वेड त्यांनीच लावलं. एका जुन्या स्पीकरचं चुंबक त्यांनी मला दिलं आणि म्हणाले, नव्या पावल्यांत तांबं मिसळलंय, त्या धरत नाहीत. जुन्या अस्सल निकेलच्या आहेत, त्या धरतात. मी चुंबक चिल्लरीवरून फिरवायची आणि शंभरात एखादी पावली टक्‌कन येऊन चिकटायची. तो 'टक्' ऐकण्यासाठी मी जेवण सोडलेलं आहे. मग त्यांनी एक पोकळ पंच घासून तयार केला, बरोबर पावलीच्या मापाचा, आणि माझ्या पुठ्ठ्यात भोकं पाडून दिली. पावली भोकात अशी बसायची की पुठ्ठा उलटा केला तरी पडायची नाही. सत्तावन्नपासून पुढची सालं मी खाली लिहिली. आजही या पुठ्ठ्यात जे काही नीट आहे ते तात्यांच्या हातचं आहे.

दोन वर्षांत भोकं भरत आली. एकसष्ट तेवढं मिळेना. गिरणीतून मिळेना, वाण्याकडे मिळेना, वडिलांच्या कंपनीतल्या मित्रांनी खिसे उलटे केले तरी मिळेना. एकसष्ट म्हणजे पानशेत फुटलं ते साल. आई म्हणायची, पुरात वाहून गेली असतील सगळी. मला ते खरंच वाटायचं. रात्रंदिवस डोक्यात ते एक भोक.

आणि एकसष्टची एक पावली माझ्यापासून बारा पावलांवर होती.

ती तात्यांच्या आईनं त्यांच्या हातावर ठेवलेली. ते गाव सोडून पिंपरीला निघाले तेव्हा तिच्याकडे द्यायला तेवढंच होतं. पुढे त्यांनी उपाशी दिवस काढले, पण ती मोडली नाही. स्वतःचं लेथ आल्यावर पहिल्या खंडेनवमीला त्यांनी ती मशीनपुढच्या कलशात टाकली, आणि मग दर वर्षी तीच. आमच्याकडे त्या दिवशी सगळी कंपनी, सगळी शेड हत्यारांची पूजा करते. मशीन पुसून लख्ख, लोखंड धरणाऱ्या चकला झेंडूची माळ, मोजायच्या पट्टीला कुंकवाची बोटं. तांब्याचा कलश ताराकाकी चिंचेनं घासायची. सगळे जमले की तात्या चष्मा लावायचे, पावली दिव्याजवळ धरून मोठ्यानं साल वाचायचे, "एकोणीसशे एकसष्ट", आणि ती पाण्यात सोडायचे. टुपुक असा आवाज व्हायचा. मंत्र वगैरे काही नाही. त्यांची आई म्हणजे ते साल.

ताराकाकी म्हणजे तात्यांची बायको. चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतली, शेतकऱ्याची लेक. माहेरहून आली की तिच्या पिशवीला आठवडाभर कांद्याचा वास. शेडची, घराची, कपाटाची, सगळ्या किल्ल्या तिच्या पदराच्या गाठीला. ती चालली की किल्ल्या वाजायच्या आणि तात्या म्हणायचे, मालकीणबाई आल्या, काम सुरू करा रे. शेडमध्ये दुसरं कुणीही नसायचं. पूजेचा डबाही तिच्याच ताब्यात. त्यात सुपाऱ्या, कापूर, जानवं आणि ती पावली.

मी एकदा मागून बघितलं. माझ्याकडच्या दोन रुपयांच्या चिल्लरीच्या बदल्यात, असा सौदा होता. तात्या हसले नाहीत. म्हणाले, ही सोडून काहीही माग.

सुपाऱ्यांना कीड लागू नये म्हणून काकी मे महिन्यात पूजेचा डबा उघडा करून ओट्यावर उन्हात ठेवायची. मी तिचं दळण द्यायला गेले होते. "थांब, कैरी देते," म्हणून ती आत गेली. मी तयारीनिशी गेले नव्हते असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण फ्रॉकच्या खिशात बासष्टची पावली होती, सकाळी गल्ल्यातून निवडून घेतलेली. फ्रॉकला पुसली, डब्यात ठेवली, दुसरी उचलली. काकी कैरीच्या फोडी घेऊन आली, वर तिखट-मीठ. मी तिथंच ओट्यावर बसून सगळ्या खाल्ल्या.

त्याला चोरी म्हणायला मला खूप वर्षं लागली. तेव्हा मी त्याला अदलाबदल म्हणत होते. पावलीच्या बदल्यात पावली, कुणाचं काय गेलं? संध्याकाळी पुठ्ठ्यातलं भोक भरलं. आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं तेव्हा तो तितका राहिला नव्हता. आता शोधायला काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षीची खंडेनवमी मी टाळू शकले असते, पोट दुखतंय म्हणून. पण आईनं पेढ्यांचा पुडा माझ्याच हातात दिला. शेडमध्ये आठ-दहा शेजारी, धुपाचा वास, तेलाच्या वासात मिसळलेला. तात्यांनी चष्मा लावला. पावली दिव्याजवळ धरली. एकदा जवळ, एकदा लांब. मग म्हणाले, "बासष्ट."

कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा बघितलं. डबा कुणाकडे असतो, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, सरळ काकीकडे वळले. दुकानात दिलीस का? चार आणे कमी पडले म्हणून दिलीस आणि दुसरी आणून टाकलीस, होय ना? त्यांचा आवाज मोठा नव्हता. डोळे भरले होते, ते जास्त वाईट होतं. काकीनं एकवार सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "असंल. माझ्याच हातनं गेली असंल."

मला वाटलं, वाचले. वाटलं, बिचारीला आपण काय केलं तेही आठवत नाही.

त्या दिवसापासून कलश तात्या स्वतः भरायला लागले. महिन्याभरात किल्ल्या काकीच्या पदरावरून त्यांच्या कमरेला गेल्या. ते वाईट माणूस नव्हते. तिला पुन्हा कधी बोलले नाहीत, फक्त तिच्या हातात काही देणं बंद केलं. बाकीचं काम गल्लीनं केलं. दुधाचं पातेलं उतू गेलं तर काकी वेंधळी, टपालातली चिठ्ठी सापडली नाही तर काकी वेंधळी. हळदीकुंकवाला कुणी तरी म्हणालं, ताराबाईंकडे वाण देऊ नका, वाटेत हरवतील. सगळ्या हसल्या. काकीही हसली. मीही हसले. माझ्या आयुष्यातली काही हसणी मला परत घ्यायची आहेत, त्यात हे पहिलं.

डब्याला ऊन देणं तेवढं अजून काकीकडेच होतं. पुढच्या मे महिन्यात दळण द्यायला गेले, तर पूजेचा डबा ओट्यावर तसाच उघडा, आणि काकी मला बघून आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मला आठवतंय, मी डब्यापासून दोन हात लांब उभी राहिले आणि मनात म्हटलं, एवढं झालं तरी ही डबा उघडा टाकून जाते, खरंच वेंधळी आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. त्या दुसऱ्या वर्षी पावली माझ्या मुठीत होती. ठेवायला म्हणूनच नेली होती. पण ठेवली आणि दिसली, तर मग ती इतके दिवस कुठे होती? कैरी न घेताच मी घरी आले.

मग गिरणी विकली गेली आणि आम्ही तळेगावला राहायला गेलो. पुठ्ठा सामानाबरोबर गेला.

कॉलेजात असताना पुण्यात एका फूटपाथवर जुन्या नाण्यांचं दुकान मांडलेलं दिसलं. मी सहज विचारलं, एकसष्टची पावली आहे? त्या माणसानं ॲल्युमिनियमचं एक घमेलं पुढे सरकवलं. त्यात एकसष्टच्या वीस-पंचवीस तरी असतील. "कुठली पायजे ती घ्या ताई," म्हणाला, "हे साल काय, पैशाला पासरी." अवघड सालं वेगळीच असतात, ती त्यानं काचेखाली ठेवली होती. आमच्या गिरणीत एकसष्ट आली नव्हती एवढंच. मी त्या घमेल्यात हात घालून उभी राहिले. निकेलचा थंड, जरासा तेलकट स्पर्श. थोडा धीर धरला असता तर, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला आणि त्यानंतर किती वेळा केला ते विचारू नका.

तात्या वारले तेव्हा मी भेटायला गेले होते. पावली पर्समध्ये होती. काकी भिंतीला टेकून बसली होती, तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. जमलेल्या बायकांत तेव्हाही कुणी तरी सांगत होतं, की किल्ल्या विलासकडेच दिल्या ते बरं झालं. विलास म्हणजे त्यांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी तासभर बसले, चहा घेतला आणि पावली घेऊन परत आले. पर्सची चेन उघडायलासुद्धा माझा हात गेला नाही.

चाकणचा रस्ता आता ओळखू येत नाही. कंटेनरच्या मागे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंपन्यांची कुंपणं, मध्येच कांद्याचं एखादं शेत राहून गेलेलं. विलासचं युनिट तिथं आहे. सहा सीएनसी मशीनं, काचेमागे कापणारी, आत कुणाला हात घालायची गरज नाही. बर बघायला मिळत नाही, वासही बेताचाच. दर वर्षी तो मला खंडेनवमीचं निमंत्रण मोबाइलवर पाठवतो आणि दर वर्षी मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. या वर्षी मी दारात उभी राहिलेली बघून तो गडबडला. "ताई, तुम्ही? या, या. आईला बघून बरं वाटेल, पण विसरायला लागलीये हां जरा."

तात्यांचं लेथ ऑफिसच्या कोपऱ्यात आहे. हिरवा रंग नव्यानं दिलेला, काम काही नाही. त्याच्यापुढे पाटावर तोच तांब्याचा कलश. काकी बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, एवढीशी झालेली. कलशाची पानं वाकडी झाली होती म्हणून तिनं हात पुढे केला, तर विलास प्रेमानंच म्हणाला, "आई, तू बस. सांडशील." काम करणारी पोरं हसली. तिनं हात मागे घेतला.

मी तिच्याजवळ स्टूल ओढलं. रुमाल सोडला आणि पावली तिच्या तळहातावर ठेवली. इतकी वर्षं जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. "काकी, ही मी घेतली होती," एवढंच म्हटलं.

तिनं ती बोटांनी चाचपली. "व्हय," म्हणाली. "मला ठावं हाय."

मला वाटलं, विसरायला लागलीये, काही तरी बोलतेय. पण ती माझ्याकडे नीट बघत होती.

"पूजेच्या आदल्या दिशी चिंचेनं घासाया घेतली," ती म्हणाली, "तर आकड्यातनं पीठ निघालं. पाणी लागलं आन् बोटाला चिकाट झालं. पिठाची पावली दुसऱ्या कुणाकडं व्हती गं काळेवाडीत?"

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांपुढे का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर ह्यांनी तुला शेडमंदी पाय ठिवू दिला नसता. आन् तुझा जीव सगळा तितं." ती पावली उलटसुलट करत होती. "म्हटलं, पोर हाय, आणून ठिवल. दोन वरसं डबा उघडा ठिवून आत जाऊन बसले की मी. तू नुसती हुबी ऱ्हायची. मग तुमी तळेगावला गेलात."

मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला. रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं खांदा धरून मला थांबवलं.

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच व्हतं. त्याला सांग."

विलास उदबत्ती लावत होता. मी उठले. पंधरा-वीस माणसं होती, गणवेशातली, अनोळखी. मोठ्यानं बोलायची आमच्या घराची सवय त्या वेळी उपयोगी पडली. सांगितलं, की तात्यांची एकसष्टची पावली काकीनं हरवली नव्हती. डब्यातून मी उचलली होती, तिथं दुसरी ठेवली होती, आणि काकीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं नाव पुढे येऊ नये म्हणून तिनं स्वतःवर घेतलं.

विलासच्या हातातली उदबत्ती जळत खाली आली. "ताई," तो म्हणाला, "तात्यांनी शेवटपर्यंत आईला..." आणि थांबला. त्यानं मग उदबत्ती खोचली, कलशावरचा नारळ उचलून बाजूला ठेवला, पानं काढली, आणि कलश दोन्ही हातांत घेऊन काकीपुढे खाली बसला.

काकीनं पावली माझ्यापुढे धरली. "साल वाच."

चष्मा माझ्या डोक्यावरच होता. मी तो लावला. नाण्यावर पीठ नव्हतं, कुंकू नव्हतं, पण आकडे दिसत होते. "एकोणीसशे एकसष्ट," मी वाचलं.

तिनं पावली आत सोडली. तोच आवाज झाला. मग तिनं विलासच्या हातातून कलश घेतला, पाटावर ठेवायला. थोडं पाणी सांडलं. कुणी हसलं नाही.